काढणारा तिथे होता का?

“तुझं नाव घालून आलोय,” असं म्हणत यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून ओट्यावर, परातीशेजारी ठेवला. माझे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. मान वाकडी करून मी वाचलं. ‘कलारसग्रहण वर्ग. चित्र कसे पाहावे? आठ रविवार, सकाळी दहा ते बारा. मार्गदर्शक : श्रीमती सुधा टिपणीस.’ खाली ठिपक्यांच्या रेघेवर यांच्या वळणदार अक्षरात माझं नाव. सौ. शालन दिनानाथ पोरे.

“माझं कशाला? तुम्ही जा की. चित्रकलेचे मास्तर तुम्ही.”

“मी जाऊन काय करू? तिथे शिकवणार ते मी रोज शाळेत शिकवतो.”

“आणि मला काय कळणार त्यातलं?”

“म्हणून तर.” यांनी माठातलं पाणी घेतलं, उभ्या-उभ्याच प्यायले. “बावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी चित्र दाखवतो, तू ‘छान’ म्हणतेस. परवा शेजारच्या वहिनींनी आमटी दिली, तिलाही तू ‘छान’ म्हणालीस.”

“आमटी छानच होती.”

हे हसले, पण पुरते नाही. “फेब्रुवारीत पुण्याला प्रदर्शन आहे. त्याच्या आधी मला घरात एक असं माणूस हवंय, ज्याला बघता येतं.”

शहाऐंशी सालची गोष्ट. दसरा होऊन आठवडा झाला होता. आम्ही वाईला राहत होतो. हे हायस्कूलवर ड्रॉइंग शिकवायचे. यांच्या हाताखालून गेलेली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणीत यायची, म्हणून गावात मान होता. शाळा सुटली की हे बोर्ड आणि रंगांची पेटी घेऊन कृष्णेच्या घाटावर जायचे. घराची पुढची खोली चित्रांनी भरली होती. मी डॉक्टर ओसवालांच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची कामं करत होते. मुलगी वृंदा कोल्हापूरला नर्सिंगला गेली होती. घरात आम्ही दोघंच.

प्रदर्शन यांचं पहिलंच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पुण्यातला हॉल आठ महिने आधी ठरवून ठेवला होता आणि तेव्हापासून यांची झोप कमी झाली होती. मला वाटायचं, आनंदाने.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. आम्ही अकरा जण होतो. टिपणीस बाई सत्तरीच्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, आवाज पुरुषी. मुंबईला चाळीस वर्षं चित्रकला शिकवून त्या भावाकडे वाईला येऊन राहिल्या होत्या. मला वाटलं होतं, भिंतीवर चित्रं लावतील आणि त्यांचे अर्थ सांगतील. पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर पितळेचा एक तांब्या ठेवला.

“याचा रंग कुठला?”

सगळे म्हणाले, पिवळा.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तुम्ही काय करता?”

“रक्त तपासते. लॅबमध्ये.”

“मलेरिया असला तर लगेच दिसतो?”

“नाही. शोधावा लागतो. स्लाइड सरकवत सरकवत शंभर जागा तरी बघाव्या लागतात.”

“आणि आधीच ठरवून बसलात, की याला मलेरियाच झालाय, तर?”

“मग नसलेलाही दिसायला लागतो.”

“झालं तर मग. तुम्हाला अर्धं येतंय.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “इथे बसा. ठरवू नका. नुसतं बघा आणि सांगा.”

मी बसले. पहिली पाच मिनिटं मला पिवळा तांब्याच दिसत होता. मग त्याच्या पोटावर खिडकीचं निळं आभाळ दिसलं, वाकडं झालेलं. समोरच्या मुलीच्या साडीचा हिरवा पट्टा दिसला. काठाखाली काळ्या शाईसारखी एक रेघ, आणि गळ्याशी पांढरा ठिपका, ज्याच्याकडे बघवत नव्हतं. पिवळा म्हणावा असा भाग हाताच्या तळव्याएवढासुद्धा नव्हता. मी सांगत गेले आणि सांगतानाच पदराने डोळे पुसत होते. बेचाळीस वर्षांची बाई मी, रोज तांब्या घासणारी. रडू का येत होतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

घरी आले तर यांनी चहाचं आधण ठेवलं होतं, पोहे केले होते. “काय शिकवलं?” दारातच विचारलं. मी सांगितलं. हे समोर पाटावर बसून ऐकत राहिले, चहावर साय धरली तरी.

त्यानंतरचे रविवार असेच गेले. लग्नानंतर आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. आमचं बोलणं म्हणजे वृंदाचं पत्र, गॅसचा नंबर, कुणाचं लग्न. आता हे मला संध्याकाळी घाटावर घेऊन जायचे आणि म्हणायचे, “त्या देवळाच्या सावलीचा रंग सांग.” मी म्हणायची, “काळा नाही. जांभळट आहे. पाण्याजवळ हिरवा होतोय.” हे माझ्याकडे वळून बघायचे. नवीन लग्नातसुद्धा यांनी माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइडवर रंग चढताना मी थांबून बघायला लागले. वीस वर्षं तो गुलाबी-जांभळा रंग माझ्या डोळ्यांखालून जात होता. मला कुणी डोळे परत दिल्यासारखं झालं होतं. ते पहिले चार-पाच आठवडे माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे, हे आज म्हणायलाही जीभ जड होते.

चौथ्या रविवारी बाईंनी दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली. त्यांच्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांची. एकच देऊळ, एकाच जागेवरून काढलेलं. एकात दगडन् दगड जागच्या जागी होता. दुसऱ्यात शिखर थोडं कललेलं, एक भिंत तर उन्हात जवळजवळ पुसूनच गेलेली.

“यातलं कुठलं चित्र काढताना काढणारा तिथे होता?” बाईंनी विचारलं.

औषधाच्या दुकानाचे कुलकर्णी म्हणाले, “दोघंही असणार. शेजारी बसून काढलंय तुम्हीच म्हणालात.”

“बसले होते दोघंही. होता कोण?”

आम्ही बघत राहिलो. बघता बघता ते पहिलं, बिनचूक देऊळ माझ्यासमोर मेलं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. त्या मुलाने समोरचं देऊळ काढलंच नव्हतं. देऊळ कसं असतं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं, तेवढंच त्याने काढलं होतं. दुसऱ्याच्या चित्रात ऊन होतं, त्याचे बारीक केलेले डोळे होते, त्याला तहान लागली असेल हेसुद्धा होतं.

घरी येऊन मी हे यांना सांगितलं. हे खोबरं किसत होते. किसणी थांबली.

“काय शब्द वापरले बाईंनी?”

“काढणारा तिथे होता का.”

“चांगला प्रश्न आहे,” हे म्हणाले, आणि अर्धं खोबरं तसंच ठेवून उठले.

पुढच्या आठवड्यात एका गुरुवारी डॉक्टर साताऱ्याला गेले, लॅबला दुपारची सुट्टी मिळाली. हे शाळेत होते. मी कुलूप काढून पुढच्या खोलीत शिरले, केर काढायला. भिंतीला टेकून चित्रं उभी होती, पुण्याला न्यायची वेगळी काढलेली. झाडू हातात ठेवूनच मी पहिलं चित्र उलटून पाहिलं. घाट. मग दुसरं. घाट. तिसरं, मेणवलीचं. मी झाडू ठेवला.

मी एक-एक चित्र उजेडात धरून बघायला लागले. घाई केली नाही. स्लाइड बघताना कसं, एका जागी काही सापडलं नाही तर पुढे सरकायचं, असेल पुढे, असेल. डाव्या बाजूला वडाची फांदी. पायऱ्या. पाण्यात देवळाचं प्रतिबिंब. तिसऱ्या पायरीवर घागर घेतलेली बाई, कमरेत डावीकडे किंचित झुकलेली. चित्रामागे तारीख, अडुसष्ट. पुढच्या चित्रात बाई तिथेच. त्र्याहत्तर. तिथेच. ऐंशी. तिथेच. फांदी, पायऱ्या, बाई. हात इतका सराईत, की रंग कुठेही घसरलेला नाही. बावीस वर्षं मी ज्यांना छान म्हणत आले, ती ही चित्रं. मी सगळी बघितली. पुण्याची तीस धरून अठ्ठेचाळीस होती.

परत लावून ठेवताना कपाटामागे एक पुठ्ठ्याची फाइल सापडली, नाडीने बांधलेली. आत पेन्सिलीची छोटी चित्रं, पिवळी पडलेली, अठ्ठावन्न ते साठ सालची. हे तेव्हा वीस-बावीसचे, शिकत होते. शेळीचं मान खाजवणं. धान्य पाखडणारी बाई, तोंडावर भुसा उडतोय म्हणून डोळे मिटलेली. आणि मामंजी. माझे सासरे भुईंजला शिवणकाम करायचे. आमच्या लग्नाआधीच गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. या चित्रात ते मशीनवर वाकले होते, ओठांत दोरा धरलेला, मानेची शीर वर आलेली, आणि डोळे सुईच्या टोकाशी असे टेकलेले, की मला वाटलं, आता मी बोलले तर ते दचकतील. मी न पाहिलेला माणूस माझ्यासमोर बसून शर्टाची कॉलर शिवत होता. आणि त्यांच्या समोर कुठेतरी, चित्राच्या बाहेर, वीस वर्षांचा माझा नवरा श्वास धरून बसला होता.

तो तिथे होता. याच घरात माझ्याबरोबर बावीस वर्षं राहिलेला माणूस मात्र कुठल्याच घाटावर नव्हता.

मी फाइल होती तशी बांधून ठेवली. रविवारी वर्ग सुटल्यावर बाईंपाशी थांबले.

“एखाद्याला हे येत होतं आणि मग गेलं, असं होतं का?”

“होतं.”

“परत येतं का?”

बाई चित्रं गुंडाळत होत्या. हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, “कुणाचं?”

मी खुर्च्या भिंतीला लावायला लागले. त्यांना कळलं असावं. गावात पोरे सर कोण हे सगळ्यांनाच माहीत होतं.

“पोरेबाई, मी इथे चित्रं कशी बघायची ते शिकवते. घरातली माणसं कशी बघायची ते नाही. दोन्ही वेगळं ठेवता आलं तर ठेवा. मला आलं नाही, म्हणून मी एकटी राहते.”

मी महिनाभर गप्प बसले. हे विचारत होते, मी सांगत होते, पण आता मोजून-मापून. यांनी काही ओळखलं का, मला कळलं नाही.

आठवा रविवार डिसेंबरात आला. वर्ग संपला, बाईंनी सगळ्यांना पेढा दिला. खाली रस्त्यावर हे सायकल धरून उभे होते, इस्त्रीचा शर्ट घातलेला.

“घरी नाही जायचं. शाळेत चल.”

शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये यांनी सकाळपासून खपून तीसच्या तीस चित्रं भिंतीला लावली होती, पुण्याला लावणार तशी, खाली नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून. मधोमध एक खुर्ची होती. माझ्यासाठी.

“बस. नाहीतर फिरून बघ. कसंही बघ.” हे खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. “एकच अट. छान म्हणायचं नाही.”

मी फिरले. दोनदा फिरले. बाहेर मैदानात कुणीतरी सायकल शिकत होतं, पडत होतं, हसत होतं. मला एवढंच दिसत होतं की हे माझ्या चेहऱ्याकडे बघताहेत. चित्रांकडे नाही.

“हं?”

“हे कधीचं?” घाटाच्या एका चित्रापाशी थांबून मी विचारलं.

“गेल्या मार्चमधलं.”

“त्याच्या आदल्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा तिसऱ्या पायरीचा दगड निघाला. अजून तिथे खड्डा आहे. मी येता-जाता बघते.”

“मग?”

“चित्रात दगड आहे.”

“शालन, चित्र म्हणजे फोटो नव्हे.”

“नाही. पण ती बाईसुद्धा तीच आहे. अडुसष्टपासून. तशीच झुकलेली.”

यांनी मान वळवून त्या चित्राकडे पाहिलं. मी म्हणाले, “जाऊ दे. चला, जेवायची वेळ झाली.”

“पुढे बोल.”

“नको.”

“स्लाइडमध्ये काही निघालं तर रिपोर्ट लिहिताना थांबतेस का तू?”

“ते परक्याचं रक्त असतं.”

“बोल, शालन. मी तुला त्यासाठीच पाठवलं.”

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. “तुम्ही इथे नाही आहात.”

“कुठल्या चित्रात?”

“कुठल्याच.”

मैदानातला आवाज थांबला होता. मग मी भराभर बोलायला लागले, जसं सांडलेलं पुसायला धावतात तसं. “पण आहात तुम्ही. त्या पुठ्ठ्याच्या फायलीत आहात. मामंजींचं चित्र, ती शेळी, ती पाखडणारी बाई. तसं परत काढा ना. प्रदर्शन पुढे ढकला. अजून वय काय झालंय तुमचं?”

“ती फाइल कधी पाहिलीस?”

“महिना झाला.”

“महिना झाला,” हे म्हणाले. कट्ट्यावरून उतरले, हळूहळू त्या मार्चच्या चित्राजवळ गेले आणि खालची चिठ्ठी नखाने सोलून काढली. “बरोबर आहे तुझं. मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“हेच. वीस वर्षं तरी झाली असतील. नोकरी लागली त्या वर्षी मी घाटाचं एक चित्र काढलं. हेडमास्तरांना आवडलं, त्यांनी तसंच दुसरं मागितलं. मग आणखी कुणीतरी मागितलं. सगळे चांगलं म्हणत होते. एक दिवस घाटावर बसलो होतो आणि लक्षात आलं, मी वर बघतच नाहीये. मान खाली आहे आणि हात चालतोय. मी घाबरलो. वर बघितलं. घाट होता समोर. पण मला काही दिसेना. म्हणजे दिसत होतं, पण... तुला सांगता येणार नाही मला.”

“मग प्रदर्शन कशाला ठरवलंत?”

“वाटलं, माझी नजर गेली असेल. चित्रात असेल काहीतरी, मलाच दिसत नसेल.” यांनी चिठ्ठीची गोळी केली, उलगडली, परत गोळी केली. “बाहेरच्या कुणाला विचारायची छाती नव्हती. म्हटलं, तू बघायला शिकशील. कोऱ्या डोळ्यांनी बघशील. एखाद्या चित्रात, एखाद्या कोपऱ्यात तुला काहीतरी सापडेल आणि तू म्हणशील, अहो, हे बघा, इथे आहे.”

मला पुढे होऊन यांचा हात धरायचा होता. धरला नाही.

“तू चांगली शिकलीस,” हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मास्तर मुलाची पाटी तपासून म्हणतो तसं म्हणाले. मग हातगाडीवाल्याला बोलावून आणलं, आणि आम्ही दोघांनी चित्रं चादरींत बांधली. “त्या टोकाला धर. जरा वर. हां.” वाटेत, घरी, जेवताना आवाज एकदाही चढला नाही.

सोमवारी सकाळी मला जाग आली ती धुराच्या वासाने. बंब नेहमी मी पेटवायची. त्या दिवशी हे माझ्या आधी उठले होते. मोरीच्या दारात आले आणि म्हणाले, “पाणी तापलंय. तुला लॅबला उशीर होईल.”

मी बादली लावली आणि बंबाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. निखाऱ्यांवर काळ्या पापुद्र्यांचा थर होता, एकावर एक, पानं असतात तसा. एका कडेला नाडीचा तुकडा होता, अर्धा जळलेला.

मी धावत बाहेर आले. पुढच्या खोलीत तीस चित्रं चादरीत जशीच्या तशी होती. कपाटामागे हात घातला. काही नव्हतं.

“ती का? जाळायची तर ही जाळायची होतीत. ती का जाळलीत?”

हे खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. “या चित्रांबरोबर राहता येतं मला. त्यांच्याबरोबर नसतं आलं.”

“मामंजींचा एक फोटोसुद्धा नाही घरात!”

“नाही,” हे म्हणाले. “माहीत आहे.” मग दप्तर उचललं. सोमवारी यांचा पहिला तास आठवीवर असायचा.

मी आत गेले आणि त्या पाण्याने अंघोळ केली. दुसरं काय करणार होते? आठ वाजता लॅब उघडायची होती, बाहेर माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली असणार होती.

पुण्याचा हॉल पोस्टकार्ड लिहून रद्द झाला. यांनी रंगांची पेटी शाळेला देऊन टाकली आणि पुढची दहा वर्षं मुलांना शिकवलं, चोख शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा मुलांनी भाषणं केली. माझ्यावर हे कधीही रागावले नाहीत. रागावले असते तर मी उलट बोलले असते, भांडले असते, रडले असते; तिथून काहीतरी वाट निघाली असती. हे फक्त मला काही विचारायचं थांबले. भाजीत मीठ बरोबर आहे का, शर्ट कसा दिसतो, काहीच नाही. आमचं बोलणं परत वृंदाच्या पत्रावर आणि गॅसच्या नंबरावर आलं.

चित्रं मागेल त्याला दिली. एक डॉक्टर ओसवालांनी नेलं आणि लॅबच्या बाहेरच्या खोलीत लावलं, जिथे माणसं रिपोर्टची वाट बघत बसतात. अठरा वर्षं मी त्याच्याखालून ये-जा केली. एकदा एक म्हातारी बसली होती, तरणा मुलगा आजारी, रक्तात खराब पेशी निघाल्या होत्या आणि ते तिला सांगायचं होतं. ती चित्राकडे बघत होती. मला म्हणाली, “बाई, तासभर झाला बघतीया. ही घागर घेतल्याली बाई बगून लई बरं वाटतंय. आमच्या थोरलीवानी दिसतीय.”

मी संध्याकाळी हे यांना सांगितलं. चप्पलसुद्धा काढली नव्हती, उभ्यानेच सांगितलं. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे यांना द्यायला काहीतरी होतं.

यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. “मुलाला काय झालंय तिच्या?”

मी सांगितलं.

“मग तिला कॅलेंडर बघूनही बरं वाटलं असतं,” हे म्हणाले आणि वर्तमानपत्र वर घेतलं.

मी आजवर लोकांना सांगत आले, की मी खरं बोलले, कारण यांनी मला खरं बोलायला सांगितलं होतं. तसं ते खोटं नाही. पण त्या हॉलमध्ये मी खुर्ची धरून उभी होते तेव्हा भीती आणि दया यांच्या खाली आणखी काहीतरी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही येत होतं, जे गावात फार थोड्यांना येत होतं. ते मला दाखवायचं होतं. पायरीचा दगड, बाईचं झुकणं, मी एकेक पुढे मांडत गेले ते हुशार मुलगी वर्गात हात वर करते तसं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन हजार दोनला यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वृंदा सुट्टी काढून आली, साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांचं काम आहे. हे म्हणाले, “नको. आहे तेवढं पुरे.” आम्ही किती समजावलं. वृंदा नर्स, ती तर पायाच पडली. हे हसून तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. दोन वर्षांत धुकं दाट झालं. चहाचा कप मी हातात द्यायला लागले.

शेवटच्या थंडीत यांना संध्याकाळी बाहेर नेऊन बसवायला सांगितलं होतं डॉक्टरांनी. मी हाताला धरून घाटावर नेलं. हे पायरीवर बसले, काठी गुडघ्यांत धरून, तोंड नदीकडे. सूर्य देवळामागे गेला होता. पाण्यावर जे काय चाललं होतं ते मी बघत होते आणि मला एकटीला ते पेलवेना. इतकी वर्षं मी जे बघितलं ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी यांच्या कानाशी वाकले.

“अहो, पाणी आत्ता कसं झालंय सांगू? मध्ये राखाडी आहे, आणि कडेला, जिथे सावली संपते तिथे, एक तांबूस रेघ...”

यांनी चाचपून माझा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला. हात गार होता.

“नको, शालन,” हे म्हणाले. “नको सांगूस.”

मी थांबले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो, हे नदीकडे तोंड करून आणि मी मान खाली घालून.